बोर्डाला ठेवलेली माया

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी एक बाई चेन तुटलेली पँट हातात घेऊन शिलाईच्या दुकानावरून सरळ पुढे निघून गेली. कोपऱ्यापर्यंत गेली, परत आली, आणि समोरच्या चष्मेवाल्याला विचारू लागली, "इथं कुठंतरी कपडे शिवून देतात म्हणे?" चष्मेवाल्यानं बोट दाखवलं. शिवणारी सूनबाई तिच्यापासून चार हातांवर मशीनशी बसली होती, तोंडात टाचण्या धरून. तोंडात टाचण्या असल्या की माणसाला हाक मारता येत नाही. (सासूबाई त्या वेळी आंघोळीला गेल्या होत्या. ही गोष्ट महत्त्वाची होती, पण ते कळायला पुढे बराच खर्च झाला.)

तेवढ्यावरून सूनबाईनं ठरवलं, दुकानाला बोर्ड हवा.

तिला सगळी गल्ली सूनबाईच म्हणायची. दुकान खाली, बिऱ्हाड वर, आणि वरच्या खिडकीत बुटक्या स्टुलावर बसून सासूबाई दिवसभर "सूनबाई, पोरीला टोपी घाल", "सूनबाई, गिऱ्हाईक आलंय" असा पुकारा करत असायच्या. तिचं खरं नाव विचारायची कुणाला गरजच पडली नव्हती.

घाई होती ती वेगळ्याच कारणानं. महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी चार वाजता बालवाडीच्या मोठ्या बाई येणार होत्या. साठ पोरांचे गणवेश शिवून घ्यायचे होते आणि दोन-तीन दुकानं बघून काम कुणाला द्यायचं ते त्या ठरवणार होत्या. ते काम मिळालं असतं तर दुसरं मशीन आलं असतं, हाताखाली एक बाई आली असती, आणि लोकांच्या चेनी बदलत म्हातारं व्हायची पाळी टळली असती. आणि दुकानावर काय होतं? पुठ्ठ्याचा एक तुकडा, त्यावर पेननं लिहिलेलं "शिलाई, काजबटण". त्यातलं बटण पावसानं वाहून गेलं होतं.

बोर्डवाल्याकडे भिंतीवर नमुन्यांचे तुकडे टांगले होते. सूनबाईनं सवयीप्रमाणे पहिला तुकडा चिमटीत धरून चुरगळून पाहिला.

"हे फ्लेक्स," बोर्डवाला म्हणाला. "सगळ्यात स्वस्त. फुटाला चाळीस."

"रंग जातो का?"

"उन्हानं वर्षभरात फिकट होतो."

"आणि आटतं?"

"आटत नाही ताई, सैल पडतं. मग वाऱ्यानं फडफडतं."

फडफडणार म्हणजे पोरगी झोपेतून दचकणार. फ्लेक्स बाद झालं.

"मग पत्र्यावर रंगवून देतो. पंच्याण्णव."

पत्रा म्हणजे गंज, गंज म्हणजे पोरीचं बोट, आणि बोट म्हणजे इंजेक्शन. (पत्रा आठ फुटांवर लागणार होता आणि पोरगी अडीच फूट होती. पण आईच्या काळजीला शिडी लागत नाही.)

"अ‍ॅक्रिलिक बघा. काचेसारखं दिसतं."

"फुटतं का?"

"दगड मारला तर फुटेल."

"कोण मारणार?"

"मी कुठं म्हटलं कुणी मारणार आहे?"

पण सूनबाईला तो दगड दिसला होता. तो कुणाच्या डोक्यात बसणार तेही दिसलं होतं.

बोर्डवाल्यानं शेवटी हात झटकले आणि कपाटामागून एक जड तुकडा काढला. "ही एसीपी शीट. दोन्ही अंगांना अ‍ॅल्युमिनियम, मध्ये प्लॅस्टिक."

"म्हणजे अस्तर लावलेलं."

"तसं म्हणा. गंजत नाही, फाटत नाही, रंग जात नाही. साडेतीनशे. उठावाची अक्षरं आणि कडेचे दिवे वेगळे."

अस्तराचं ऐकल्यावर सूनबाईनं भावात घासाघीस केली नाही. अस्तराचे पैसे वेगळेच पडतात, हे ती स्वतःच गिऱ्हाइकांना रोज सांगत होती.

"माप घ्यायला माणूस पाठवतो. त्याचे दोनशे."

इथं मात्र तिला राग आला. "मापाचे पैसे मी तुम्हाला देऊ? अहो, गल्लीतल्या निम्म्या पोटांची मापं माझ्या वहीत आहेत. माझं मी आणून देते."

आणि तिनं आपली शिलाईची टेप घेऊन माप काढलं. शटरच्या वरून खिडकीच्या खालपर्यंत तीस इंच. रुंदी नऊ फूट. माप अगदी अचूक होतं. घोटाळा नंतर झाला.

कपडा शिवणारी कुठलीही बाई माप आहे तेवढंच कापत नाही. शिवणीच्या आत थोडं कापड जादा ठेवते. त्याला माया म्हणतात. पुढे अंग भरलं की उसवून सैल करता येतं. सूनबाईनं वरून दोन इंच माया ठेवली, खालून दोन. खाली दुमडीला चार. आणि लहान पोरांच्या फ्रॉकला ठेवतात तशी वाढत्या अंगाची म्हणून आणखी सहा. तिसाचे चव्वेचाळीस झाले. रुंदीलाही तिनं सहा इंच वाढवले. हात आपोआप लिहीत गेला.

जेवताना नवऱ्यानं चिठ्ठी पाहिली. तो गोदामात कारकून होता, माल मोजायचा, त्यामुळे आकडे त्याला टोचायचे.

"अगं, हे सहा इंच कशाचे?"

"वाढत्या अंगाचे."

"बोर्ड वाढतो का?"

"दुकान तर वाढेल ना, अहो."

त्यानं भात कालवला. (नंतर तो म्हणायचा, मी तेव्हाच सांगितलं होतं. त्यानं फक्त भात कालवला होता.)

दुसऱ्या मशीनसाठी साठवलेले पैसे बोर्डात गेले. आठवड्यानं दोन माणसं शिडी घेऊन आली. सूनबाई पोरीचा फ्रॉक मागून मुठीत धरून उभी होती. तिचं सगळं लक्ष शिडी आणि पोरगी यांच्यातल्या अंतरावर होतं.

"ताई, खाली बसत नाहीये. शटर उघडणार नाही," वरून आवाज आला.

"मग वर घ्या की," ती पोरीकडे बघतच म्हणाली.

त्यांनी वर घेतला. चौदा इंच. बोर्ड लागला, दिवे पेटले, चष्मेवाला दुकानाबाहेर येऊन चष्मा पुसून बघू लागला. पांढऱ्याशुभ्र बोर्डावर निळी उठावाची अक्षरं. सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग तिनं वर पाहिलं. खिडकीत सासूबाई नव्हत्या. ती पोरीला घेऊन धावत जिना चढली. सासूबाई स्टुलावरच होत्या. समोर बोर्डाची पाठ होती.

"आई, दिसतंय का काही?"

"दिसतंय की. आभाळ दिसतंय."

नवऱ्यानं स्टुलावर दोन उशा ठेवल्या. सासूबाई त्यावर बसल्या की डुलायच्या. एकदा तर बसल्या बसल्या कपाटाला टेकल्या. मग त्यांनीच उशा काढल्या आणि भरदुपारी दिवा लावून तांदूळ निवडत बसू लागल्या. "माझं काय," त्या म्हणायच्या, "दुकान चाललं पाहिजे." त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडल्या नाहीत, म्हणून सूनबाईला ते जास्तच लागायचं.

आणि दुकान चालत नव्हतं. लोक थांबायचे, बोर्ड बघायचे, मग हातातली फाटकी पँट बघायचे, आणि पँट पिशवीत घालून निघून जायचे. आठ दिवसांत एकही चेन आली नाही. पूर्वी काय व्हायचं, की कुणी कापड घेऊन घुटमळलं की वरून हाक यायची, "काय शिवायचंय? आत जा, सूनबाई आहे. स्वस्तात करते." आता वर आभाळ होतं. आभाळ गिऱ्हाइकाला हाक मारत नाही.

गुरुवार उजाडला. पावणेचारला सूनबाई आत पोरीची वेणी घालत होती. पोरगी डोकं हलवत होती, म्हणून रिबन तोंडात धरली होती. बाहेर दोन बायका थांबल्या. एक बालवाडीच्या मोठ्या बाई, दुसरी त्यांच्याबरोबरची.

"हेच का हो?" बरोबरच्या बाईंनी विचारलं.

"पत्ता तर हाच. पण बोर्ड बघितलात? या दिव्यांचं बिल शिलाईत नाही लावणार तर कुठं लावतील? आपली पोरं साधी. नको इथं."

वर सासूबाईंनी तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. दिसत नव्हतं, पण कान शाबूत होते. त्या बोर्डाच्या पाठीला तोंड लावून जीव तोडून ओरडल्या, "बाई, आत जा, सूनबाई आहे. स्वस्तात करते."

शीट गुणगुणली. आवाज असा काही घुमला की बोर्डच बोलल्यासारखं वाटलं.

मोठ्या बाईंनी मान वर केली. "बघा. स्पीकर पण बसवलाय. रेकॉर्ड केलेली जाहिरात."

"स्वस्त म्हणे. चला."

रिबन थुंकून, पोरीला कडेवर घेऊन सूनबाई धावली. कोपऱ्यावर पोचली तेव्हा त्या दोघी मागच्या गल्लीतल्या शिंप्याकडे आत वाकून जात होत्या. त्याच्या दारावर पाटी होती, खडूनं लिहिलेली. सूनबाई बाहेर उभी राहिली. आत जाऊन काय सांगणार होती? आमचा बोर्ड मोठा आहे पण आम्ही लहानच आहोत? कडेवरची पोरगी अर्धी वेणी घेऊन विचारत होती, "आपण इथं का आलो?" सूनबाई तशीच परत आली, वर गेली, आणि सासूबाईंच्या पायाशी बसून तांदूळ निवडू लागली.

सुपातला एक खडा काढून म्हणाली, "चुकलं माझं, आई."

"खडे नीट बघ," सासूबाई म्हणाल्या. आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

बोर्ड उतरवला. बोर्डवाला परत घेईना. कापून लहान करायचं तर म्हणाला, कडेचे दिवे जातील, चौकट नवी लागेल, नव्याच्या निम्मे पडतील. शेवटी दोन लोखंडी घोड्यांवर तो आडवा टाकला, अक्षरं खाली करून. कापड बेतायला असं टेबल कुठल्याही शिंप्याकडे नसेल. पोरगी खाली बसून दिवे लावते आणि आपल्या दुकानाचं नाव बोटानं चाचपते.

साठ गणवेश मागच्या गल्लीत शिवले गेले. सहा महिन्यांनी पोरांच्या आया एकेक करून सूनबाईकडे आल्या, तंग झालेत, सैल करून दे म्हणून. तिनं शिवण उसवून पाहिली. आत एक दोरा जास्तीचा नव्हता. तिनं ते गणवेश घडी करून परत दिले. जिथं ठेवायची होती तिथं माया त्या शिंप्यानं ठेवली नाही, आणि जिथं नको तिथं हिनं ठेवली.

पुठ्ठ्याचा तुकडा पुन्हा जागेवर गेलाय. आता त्यावरचं काजही वाहून गेलंय, नुसतं "शिलाई" उरलंय. सासूबाई स्टुलावर बसतात, हाका मारतात, चेनी येतात. परवा त्यांनी विचारलं, "सूनबाई, तुझ्या त्या बोर्डवाल्याच्या हिशोबानं मी किती चौरस फूट भरेन गं?"

तेव्हा तुमच्या ओळखीत कुणाची चेन तुटली असेल, कुणाचं पोर वाढत असेल, तर एवढा निरोप द्या. बोर्ड शोधू नका म्हणावं, वर खिडकीत बघा. मात्र साडेअकराच्या आधी कुणाला पाठवू नका. तेव्हा बोर्ड आंघोळीला गेलेला असतो.