गोळा वळला, एर्विनही वळला

“या शुक्रवारी माझा गोळा असा वळेल, की पिना आपणहून आडव्या पडतील!” एर्विन पित्लिकनं मंगळवारी कारखान्यात डबा खाताना जाहीर केलं.

साल चौऱ्याहत्तर. अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या दक्षिण भागात, चर्चच्या तळघरातल्या चार लाकडी लेनवर, गोळा घरंगळवून दहा पिना पाडायच्या बोलिंगचा अंतिम सामना, आणि समोर सख्खा मेव्हणा क्लेमेन्स! तीन वर्षं करंडक क्लेमेन्सच्या टीव्हीवर बसला होता. एर्विन जेवायला गेला की क्लेमेन्स त्यावरची धूळ पुसायचा. नसलेली!

एर्विनचा गोळा नवाकोरा, प्लास्टिकचा, पण टणक. टणक गोळा लाकडावरून सरळ नाकासमोर जातो. मऊ गोळ्याची गोष्ट वेगळी. लेनच्या सुरुवातीला तेल असतं, तिथे तो मुकाट घसरतो. तेल संपून कोरडं लाकूड लागलं की पकड घेतो, वळतो आणि पिनांच्या घोळक्यात तिरका घुसतो. त्या हिवाळ्यात सगळे कुजबुजत होते, की रंग उतरवायच्या द्रावणात एक रात्र बुडवला की गोळा मऊ पडतो.

एर्विननं द्रावण आणलं. बादलीत गोळा बुडेना. मग गॅरेजमधली, कोबी आंबवायची चिनी मातीची मोठी बरणी घेतली. बरणी सासूबाईंची होती, हे बुधवारी सकाळी त्या दारात उभ्या राहिल्यावर आठवलं!

“लोरेन, बरणी दे गं. दोन दिवस राहून कोबी घालून जाते.”

“गॅरेजमध्ये आहे, आई. आणते,” एर्विनची बायको म्हणाली.

“थांब!” एर्विन किंचाळला. “तिथे... तिथे स्कंक शिरलाय!”

गॅरेजमधून वासही त्या दुर्गंधी फवारणाऱ्या प्राण्यासारखाच येत होता. पण सासूबाई घाबरणाऱ्या नव्हत्या. त्यांनी झाडू घेतला, गॅरेजच्या दारापुढे खुर्ची टाकली आणि ठाण मांडलं, रात्रीसुद्धा. “मी पोलंडमध्ये लांडगे हाकललेत! बाहेर येऊ दे मेल्याला!”

शुक्रवारी दुपारी त्या प्रार्थनेला गेल्या तेव्हा कुठे एर्विनला गोळा काढता आला. एकाऐवजी तीन रात्री मुरलेला! नख दाबलं तर ठसा उमटला, पिकल्या पेरूवर उमटावा तसा.

तळघरात तळलेल्या माशांचा वास, बिअर, सिगारेटचा धूर, सगळी वस्ती बाकांवर दाटीनं बसलेली. एर्विननं पहिला गोळा टाकला. तो तेलावरून घसरला, क्षणभर विचारात पडला आणि झपकन वळला. दहाच्या दहा पिना आडव्या! स्ट्राइक!

“नशीब!” क्लेमेन्स म्हणाला.

दुसराही तसाच. तिसराही. सलग सहा स्ट्राइक! क्लेमेन्सची सिगारेट ओठातच विझली. लोरेन बाकावर उभी राहून शिट्ट्या मारत होती. लग्नानंतर तिची शिट्टी एर्विननं पहिल्यांदाच ऐकली.

इकडे गोळ्याची बोटं घालायची, मऊ पडलेली भोकं मात्र हळूहळू आवळत होती. अंगठाही फुगला होता. शेवटच्या डावात फक्त पाच पिना हव्या होत्या. एर्विननं अंगठा थुंकी लावून आत कोंबला, चार पावलं पळाला, हात झोकला.

गोळा सुटला नाही!

सोळा पौंडांचा गोळा पुढे, मागे एर्विन, पोटावर. तेलावरून तो माशासारखा सुळकन गेला. तेल संपलं, गोळ्यानं पकड घेतली आणि वळला. एर्विनही वळला! शेजारच्या लेनमध्ये क्लेमेन्सचा गोळा निघालेला. तो थेट एर्विनच्या पार्श्वभागावर आदळला आणि लेनच्या कडेच्या गटारीत गेला.

“माझा स्ट्राइक!” क्लेमेन्स ओरडला.

“माझा नवरा!” लोरेन ओरडली.

प्रार्थनेहून थेट खाली आलेल्या सासूबाई वाकल्या, गोळ्याचा वास घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, “हा तुझा स्कंक काय रे?”

फादर कास्परनी माशांसाठी ठेवलेलं लोणी अंगठ्याला चोळलं. क्लेमेन्सनं एर्विनची कंबर धरून ओढली. पाऊण तासानं अंगठा सुटला, वांग्याच्या रंगाचा.

“फादर, रेषेपलीकडे पाय गेला की फाउल ना?” क्लेमेन्सनं विचारलं.

“पाय तर सगळ्यात शेवटी गेले!” एर्विन कळवळून म्हणाला.

फाउलच ठरला, पिना शून्य. क्लेमेन्सला मात्र आपला गोळा पुन्हा टाकायला मिळाला. करंडक परत टीव्हीवर!

आता त्या तळघरात घडीच्या खुर्च्या रचलेल्या असतात. लेनच्या फळ्या लोकांनी घरी नेल्या. कुणी टेबल केलं, कुणी पाळणा. क्लेमेन्स जाऊन नऊ वर्षं झाली. शेवटी इस्पितळात, नळ्या लावलेल्या असताना तो म्हणाला होता, “सांग ना रे, कसा वळलास ते,” आणि हसता हसता त्यानं नर्सची बोलणी खाल्ली.

परवा नातीच्या लग्नात एर्विन माइकवर उभा राहिला. “सलग सहा स्ट्राइक! त्या तळघरात कुणाला...”

“ते राहू दे!” लोरेन म्हणाली. “घसरलास ते दाखव.”

एर्विननं तिच्याकडे पाहिलं. कोट काढून खुर्चीला लावला, चष्मा जावयाच्या हातात दिला आणि वयाच्या ऐंशीव्या वर्षी पोटावर आडवा झाला. उठवायला मात्र चौघे लागले.