लिपी मला आली

निवृत्ती आहेर गुरुजींनी देवळा तालुक्यात चौतीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळला होता. त्यामुळे आठ दिवसांत उडिया लिहायला शिकतो, असं त्यांनी सिडकोतल्या आपल्या घरी जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या आवाजात शंकेला तिळाएवढीही जागा नव्हती.

"बाराखडी कुठलीही असो! अक्षर म्हणजे नवरी आणि काना-मात्रा-वेलांटी म्हणजे दागिने. कुठला दागिना कुठे घालायचा एवढं कळलं की झालं!"

"तुम्ही मला आजवर एक तरी दागिना घातलात का?" प्रतिभाताईंनी पोळी लाटता लाटता विचारलं. गुरुजींनी ऐकलं नाही.

कारण मात्र गंभीर होतं. त्यांचा मुलगा प्रफुल्ल अंबडच्या एका कारखान्यात होता. तिथेच नोकरी करणाऱ्या लिपीशी त्याने सहा महिन्यांपूर्वी लग्न केलं. लिपी ओडिशातल्या भद्रकची. तिचे वडील भ्रमरबाबू पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले, तापट गृहस्थ. लग्नाला ते आले नाहीत आणि त्या दिवसापासून मुलीशी एक शब्द बोलले नाहीत. आई तेवढी चोरून फोन करायची. तो आला की लिपी गॅलरीत जायची आणि लाल डोळ्यांनी परत यायची. ते गुरुजींना बघवत नसे.

"पोस्टमास्तर आहेत. आपल्या लिपीतलं पत्र आलं की विरघळतील! मी स्वतः लिहिणार," गुरुजी म्हणाले.

शिकवणी सुरू झाली.

"बाबा, हा क."

"क!"

"क नाही. कॉ."

"अगं, कॉ म्हणजे काना आणि वर अर्धचंद्र! कुठाय काना?"

"काना नाही. आमचा क असाच बोलतो."

"मग 'का' कसा बोलतो?"

"का."

"आणि 'को'?"

"को."

"कॉ, का, को! एवढ्याशा तोंडात इतकी गर्दी?"

तरी उच्चार परवडला, अक्षरं नको, अशी पुढे वेळ आली. सगळीच्या सगळी गोल! पाटीवर कोणी कांद्याची गोणी ओतावी तशी! कुठला कांदा ग आणि कुठला कांदा म, हे गुरुजींना चष्मा पुसपुसून कळेना. काना तेवढा ओळखीच्या माणसासारखा उजवीकडे उभा. पण 'ए'ची मात्रा? ती डोक्यावर नाही, अक्षराच्या अलीकडे! 'ओ' लिहायचा तर अक्षराला दोन्ही बाजूंनी पोलिसांनी धरल्यासारखं मधे घ्यायचं!

नवव्या दिवशी गुरुजींनी 'के' लिहिला आणि मात्रा पलीकडे टाकली. सलग चौथ्यांदा! लिपीने ती पुसली.

"तुमच्या वर्गात एक पोरगा तीन वर्षं पहिलीतच होता ना?" प्रतिभाताई म्हणाल्या. "त्याला तुम्ही काय काय बोलायचात, आठवतंय?"

गुरुजींना आठवलं. हा जन्म फुकट गेला, अशी त्यांची खात्री झाली. तरी दुसऱ्या दिवशी ते पाटी घेऊन बसलेच.

"बाबा, थोडे शब्दपण शिका ना," लिपी म्हणायची.

"शब्द नंतर! आधी अक्षर. अनुभव बोलतोय माझा!"

बाविसाव्या दिवशी सकाळी चमत्कार झाला. कॉपासून शेवटच्या अक्षरापर्यंत सगळे काने, वेलांट्या, उकार आपापल्या जागी बसले. एकही चूक नाही! लिपी आणि प्रफुल्ल पहिल्या पाळीला गेले होते. आनंद सांगावा कुणाला? गुरुजींनी पाटी स्वच्छ पुसली आणि सुंदर उडिया अक्षरांत आपली मराठी आनंदवार्ता लिहिली :

'लिपी मला आली!'

मग रीतसर पाटीपूजन केलं. हळद-कुंकू, झेंडूचा हार, समोर उदबत्ती. फोटो काढला आणि दोन जोडलेल्या हातांच्या चित्रासह थेट भ्रमरबाबूंना पाठवून दिला.

दहा मिनिटांत फोन! सहा महिन्यांत पहिल्यांदा! पलीकडे भ्रमरबाबू हुंदके देत होते. विरघळले! पोस्टमास्तर विरघळले!

"ये... कब हुआ?" भ्रमरबाबूंनी कसंबसं विचारलं.

"आज सुबह, ग्यारह बजे!"

"कैसे?"

"बाईस दिन से चालू था, साहब. पहले बहुत तकलीफ हुई. मैंने तो आशा छोड दी थी. पर आखिर में एकदम शांती से हो गया!"

"आपने... हमको बताया क्यों नहीं?"

"सोचा, पूरा होने के बाद ही बताएंगे. सरप्राईज!"

पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज झाला.

"रोइए मत!" गुरुजी गहिवरून म्हणाले. "खुशी का दिन है. मैं अभी पेढे बाटने जा रहा हूं. और अगला नंबर मेरी बीवी का!"

फोन कट झाला. "भावना अनावर झाल्या बिचाऱ्यांच्या," गुरुजींनी प्रतिभाताईंना सांगितलं आणि पेढे आणायला गेले.

तिकडे भद्रकला लिपीची आई लेकीला फोन लावत होती. पण कारखान्यात मोबाइल फाटकावरच जमा करतात. लिपीचा बंद, प्रफुल्लचाही बंद.

अडीच वाजता गुरुजींच्या दारात पाच माणसं आली. भ्रमरबाबूंचा एक लांबचा भाचा अंबडला वेल्डर होता, तो आणि त्याचे चार सोबती. त्यांनी चपला काढल्या आणि मान खाली घालून उभे राहिले. आपला सत्कार करायला इतकी माणसं कामावरून सुटी घेऊन येतील, असं गुरुजींना स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्यांनी प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवला. एकजण पेढ्याकडे बघून ढसाढसा रडू लागला.

"कहां रखा है?" भाच्याने कापऱ्या आवाजात विचारलं.

"देवघर में! आइए, दर्शन लीजिए!"

पाचही जण भिंतीला धरून आत गेले. तिथे पाटी. त्यांनी ती वाचली, इकडेतिकडे पाहिलं, पुन्हा वाचली. तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली आणि लिपी दारातून आत आली.

"बाबा, हे लोक कोण?"

रडणाऱ्याने किंकाळी फोडली. भाचा मटकन खुर्चीत बसला. खुर्ची तिथे नव्हती!

पाच मिनिटं कोण कुणाशी कुठल्या भाषेत बोलतंय, ते कळेना. शेवटी लिपीने पाटी उचलली. वाचली. तिचा चेहरा पांढरा पडला.

"बाबा, हे कुणाला पाठवलं?"

"तुझ्या वडिलांना. का? वेलांटी चुकली?"

"काही चुकलं नाही, बाबा. आमच्या भाषेत 'मला' म्हणजे 'मेली'." तिने पाटीवर बोट ठेवलं. "लिपी मला. लिपी मेली."

"आणि... 'आली'?"

"त्याला काही अर्थच नाही. त्यांना वाटलं असेल, लिहिता लिहिता रडलात."

गुरुजी खाली बसले. फोनवरचं आपलं वाक्य न् वाक्य त्यांना आठवू लागलं. बाईस दिन. शांती से. सरप्राईज. पेढे...

"आणि माझा नंबर कशात लावलात?" प्रतिभाताईंनी विचारलं.

गुरुजींना वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं, पण दुसऱ्या मजल्यावर तीही सोय नव्हती.

लिपीने वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. भ्रमरबाबू भुवनेश्वरच्या विमानतळावर बाकावर बसले होते, अंगात घरातलाच सदरा. पडद्यावर लेक दिसली आणि ते बघतच राहिले. मग बोलायला लागले ते थांबेचनात. लिपी रडत होती, हसत होती, नुसती "बापा, बापा" म्हणत होती. गुरुजींना एक अक्षर कळलं नाही. पण सहा महिन्यांचं साचलेलं वाहतंय एवढं कळलं. ते स्वयंपाकघरात जाऊन तोंड धुऊन आले.

तिकीट काढलंच होतं, म्हणून भ्रमरबाबू आलेच! लेकीला जवळ घेतलं, जावयाच्या पाठीवरून हात फिरवला, प्रतिभाताईंना वाकून नमस्कार केला. गुरुजींकडे मात्र, एखाद्याने पाळलेल्या लांडग्याकडे बघावं, तसं बघितलं.

खरी पंचाईत नंतरच झाली. घरात कोणी 'मला' म्हटलं की भ्रमरबाबूंचा हात छातीवर जायचा. प्रफुल्ल म्हणाला, "मला चहा," आणि त्यांच्या हातातली बशी फुटली. डॉक्टरांनी त्यांना धक्का टाळायला सांगितलेलं. म्हणून प्रतिभाताईंनी फर्मान काढलं : पाहुणे आहेत तोवर या घरात 'मला' म्हणायचं नाही! आणि मराठी माणसाला 'मला'शिवाय काही मागताच येत नाही, हे गुरुजींना चौतीस वर्षं मराठी शिकवूनही ठाऊक नव्हतं.

चौथ्या दिवशी लिपीने वडिलांसाठी छेनापोडा केला. पनीर आणि साखर भाजून केलेला, वरून खमंग तपकिरी. वाटता वाटता ताटात एकच तुकडा उरला आणि लिपीने गुरुजींना विसरून बाकी सगळ्यांना वाढलं होतं. गुरुजींनी तुकड्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ 'म'साठी मिटले. भ्रमरबाबूंचा हात छातीकडे निघाला. प्रतिभाताईंनी डोळे वटारले.

"म्म... मस्त झालाय!" गुरुजी म्हणाले.

"आवडला ना!" लिपी खूश झाली आणि उरलेला तुकडा तिने वडिलांना वाढला.