लडकूचे उणे चार

"बा, तुजं वय किती?" नथूने विचारले.

लडकू ओटीवर तंबाखू मळत होता. त्याला वय कोणी कधी विचारले नव्हते. "प्लेगच्या सालचा मी. चाळीस धर."

नथूचे तेरा. दुसरी मोठी लढाई सुरू झाली, त्या सालच्या आवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते. खर्डीच्या शाळेत मास्तरांनी सातवीला बीजगणिताचा गृहपाठ दिला होता : घरातलीच वये घ्या आणि बापाचे वय मुलाच्या चौपट किती वर्षांनी होईल, ते समीकरण मांडून काढा. नथूने पाटीवर मांडले, क्ष एका बाजूला आणला आणि उत्तर पुन्हा ताडून पाहिले.

"काय आलं रे?"

"उणे चार."

"म्हंजे?"

"पुढं नाय व्हायाचं. चार वर्सांमागंच होऊन गेलं."

चुलीपाशी लडकूच्या बायकोची, हिराबाईची, भाकरी करपली. चार वर्षांमागे लडकूला हिवतापाने धरले होते. त्याला भुईवर उतरवून तोंडात पाणीही घातले होते. मग तो, कोणालाही न विचारता, उठून बसला होता.

"तवाच तुमचं भरलं व्हतं," ती पुटपुटली. "तरी मी म्हनतेय, यम मागं फिरला कसा!"

लडकूने तंबाखू टाकून दिली. चार वर्षे आपण उगाचच जगतो आहोत, हे त्याला एकाएकी पटले. भिंतीकडे तोंड करून तो निजला, तो जेवायलाही उठेना. खाचरांत पाणी उभे आणि राबातले रोप लावणीवाचून पिवळे पडू लागले. धाकटा भाऊ देवजी रोज उशाशी येऊन बसे.

"दादा, खालची खाचरं कोनाला, ता चार मान्सांत बोलून ठेव. मंग तोंड उगडायचं नाय तुजं."

"बा, तसं नाय रे ता," सांगून सांगून नथू थकला आणि मास्तरांनाच घेऊन आला. लडकूच्या गालांची हाडे वर आलेली पाहून मास्तर चपापले.

"अरे, चौपट मागे गेलं, पण तिप्पट पुढे आहे!" त्यांनी घाईघाईने पाटीवर सोडवले. मग हात थांबला.

"किती?" लडकूने विचारले.

"अर्धं वर्ष."

हिराबाईने हंबरडा फोडला. "म्हंजे शिमगा नाय बगायचा," देवजी म्हणाला.

"थांबा, दुप्पट काढतो! हे बघ, चौदा वर्षं!"

लडकू कोपरावर उठला. चौदा वर्षांवर त्याने जरा विचार केला. "आजून वाडवा की, मास्तर. माजं नि पोराचं सारखं कवा व्हईल?"

मास्तरांनी मांडले. दोन्हीकडचा क्ष उडून गेला. "चाळीस बरोबर तेरा? याला उत्तरच नाही. कधीच नाही."

"कवाच नाय?"

"कधीच नाही."

लडकूने पेज मागितली. ती पिऊन तो तडक खाचरात उतरला.

सकाळी नथू दप्तर घेऊन निघाला, तेव्हा बापाने त्याच्या हातात रोपाची मूठ दिली. "शाळा बास झाली."

"बा, सातवीची फायनल परीक्षा हाय माजी! पास झालो तं मास्तर व्हईन."

"म्हनूनच," लडकू म्हणाला. "आता आलंय ता उत्तर ब्येस हाय. तू शिकत ऱ्हायलास, तं कवातरी त्यातली चूक काडशील."