त्रिकोणी चक्रांच्या घोड्याने वेशीवर दम धरिला, त्याची हकिकत

श्रीगजाननाचे स्मरण करून, आणि ज्या वाऱ्यावाचून माणूस वा यंत्र घटकाभर जगत नाही त्या वाऱ्यास नमस्कार करून, पाहिले ते लिहिते. शके एकोणीसशे सदतीस, मन्मथनाम संवत्सर, ते साली राज्यावर राजमाता मनकर्णिकाबाईसाहेब होत्या. राज्य म्हणजे एक बंगला, मागे गॅरेज आणि गॅरेजात एक तांबडी मोटार. पण तिला राज्यात कोणी मोटार म्हणत नसे, घोडा म्हणत. थोरले महाराज कैलासवासी त्र्यंबकराव जहाजावर नोकरीस असता त्यांनी तो जपान मुलखातून आणिला. त्याच्या पोटी वरखाली होणारे पिस्टन नव्हते, त्रिकोणी चक्रे गरगर फिरत, आणि टर्बो नावाचा वारा कोंबणारा पंखा होता, आणि उभा असता घोडा भप् भप् भप् असा श्वास घेई, तो ऐकून गल्लीतली माणसे गॅलरीत येत. महाराजांनी राजमातेस तोच घोडा हाकावयास शिकविले, आणि आम्ही बालमैत्रीण म्हणून डावे आसनी बसत असू.

राज्याची एक रीत होती. दसऱ्यास घोडा गावच्या वेशीवर, जुन्या जकातनाक्यापाशी न्यावा, इंजिन चालू ठेवून स्वाराने उतरावे, सोने म्हणून आपट्याची पाने वाटावी आणि मग सीमा ओलांडावी. महाराज म्हणत, "वेशीवर घोडा मुका झाला तर मोहीम मोडली." पण महाराज गेल्यावर घोडा थकला, आणि एक्सलरेटरवरून पाय काढताच मुका होऊ लागला. राजमातेचा उजवा गुडघा कामातून गेलेला, त्या पायाने ब्रेक दाबावा की एक्सलरेटर धरावा, आणि मागील दसऱ्यास घोडा वेशीवरून ढकलत आणावा लागला. तेव्हा युवराज यशोधन बोलते जाहले, "आई, या दसऱ्याला बंद पडला तर विकायचा. गिऱ्हाईक तयार आहे." राजमाता म्हणाल्या, "बरं." आणि भाजी निवडू लागल्या, परंतु त्या दिवशीच्या भाजीत देठच देठ निघाले.

आता घोड्याचा रोग सांगते. पाय उचलला की इंजिनाच्या नरड्यातली पडदी मिटते, मग श्वासापुरता वारा पडदीला वळसा घालून एका बारीक नळीने आत जातो, आणि त्या नळीवर एक झडप असते, ती वारा कमीजास्त करिते. ती नळी कुजली होती. सरदार दौलत पांचाळ, राज्याचे मिस्त्री, यांनी श्रावणात नळी काढून टाकली, ती जिथून वारा घेई त्या तोंडास बूच मारिले, आणि पडदीच किंचित उघडी ठेविली. घोडा सकाळी उत्तम उभा राहिला, आणि संध्याकाळी आपले दिवे लावताच भार पडून निजला. युवराज हसले आणि म्हणाले, "दौलतराव, झडप असते ती शोभेला नाही." मग गणपती उठल्यावर युवराजांनी परदेशातून निळी नळी मागविली, आणि झडपेस जोडून तिच्या टोकास वेगळा छोटा फिल्टर बसविला, म्हणजे बाहेरचा वारा सरळ आत यावा. घोडा सिग्नलास गोड श्वास घेऊ लागला. पण घाटात चढ लागताच शीळ घाली, आणि टर्बोचा जोर कुठे जाई ते कळेना, बैलगाडीदेखील पुढे निघाली. आता दौलत हसले. "धाकटे महाराज, प्रेशर कुकर केलात घोड्याचा!"

असे करता खंडेनवमी उजाडली. दौलतने पाने, स्क्रूड्रायव्हर, पकडी घासून पाटावर मांडिल्या, हळदकुंकू वाहिले, आणि राजमाता खुर्ची घेऊन गॅरेजात बसल्या. त्या पुसत्या जाहल्या, "काय रे दौलत, शीळ घाटातच का? सिग्नलला तर गप्प असतो."

"चढाला टर्बो वारा दाबून भरतो ना, आईसाहेब."

"मग तो भरलेला वारा यशोधनच्या नळीतनं उलटा बाहेर पळत असेल. ज्या तोंडानं पितो त्याच तोंडानं ओकतो तुमचा घोडा."

युवराज आणि दौलत एकमेकांकडे पाहू लागले. मग दौलत म्हणाले, "नळीचं तोंड टर्बोच्या पुढे पण पडदीच्या अलीकडे पाहिजे. दोन्ही बाजूंना सारखाच दाब, मग उलटं जाईल कशाला?"

युवराज वाकून पाहते जाहले. "तिथे जागा आहेच की. पण बूच आहे. कोणी मारलं?"

"मीच. आणि बूच न बघता नळी बाहेर कोणी काढली?"

"मीच."

राजमाता हसून म्हणाल्या, "दोन शहाणे आणि एक बूच. काढा आता."

तेव्हा दौलत मागे सरले. "आज नाही, आईसाहेब. हत्यारं पूजेत आहेत. वडिलांच्या वेळेपासूनची रीत आहे, दसऱ्याला वेशीवरून परत आल्याशिवाय पान्याला हात लागत नाही." युवराजांनी पुष्कळ आर्जवे केली, आणि दौलत कान पकडीत, पण ऐकेनात. मग राजमाता गुडघा धरून उठल्या, आत गेल्या आणि पोळ्यांचे उलथने घेऊन आल्या. "हे पूजेत नाही. स्वयंपाकघराला कधी सुटी दिलीय देवानं? नळी आवळायच्या पट्टीच्या स्क्रूत बसतंय का बघ." बसले. मग युवराजांनी बूच दातओठ खाऊन हातानेच उपटिले, आणि दौलतने फिल्टर काढून निळी नळी त्या तोंडास बसविली आणि तिच्या दोन्ही टोकांच्या पट्ट्या उलथन्याने आवळिल्या, आणि उलथन्याचे टोक वाकडे जाहले.

दसऱ्यास घोडा शीळ न घालता घाट चढून उतरला आणि वेशीवर उभा राहिला. दिवे लाविले, पंखा लाविला. राजमातेने हँडब्रेक ओढून पाय काढिला, आणि घोडा एकदा दबला. युवराजांनी हात जोडिले, का ते त्यांनाच ठाऊक. आणि मग भप् भप् भप्, थोरल्या महाराजांच्या वेळचा तोच श्वास. राजमाता उतरल्या, पाने वाटिली, दौलतची गळाभेट घेणाऱ्या मुलास म्हणाल्या, "गिऱ्हाइकाला जेवायला बोलाव. श्रीखंड आहे." आणि आम्ही डावे आसनी बसून डोळे पुसले, ते इंजिनाच्या धुराने, असे सांगितले.

पुढे गिऱ्हाईक जेवून, घोडा ऐकून, दुसरी मोटार घेते जाहले. युवराज मुंबईस गेले, सणाला येतात आणि आधी गॅरेजात जातात. दौलतने गॅरेज जावयाच्या हाती दिले, घोडा मात्र दिला नाही. राजमाता अजून हाकतात, आम्ही डावीकडे. आणि उलथने सरळ जाहले नाही. ते दर खंडेनवमीस पान्यांशेजारी पाटावर बसते, म्हणून त्या दिवशी राज्यात पोळ्या होत नाहीत, खानावळीतून येतात. इतके जाहले, ते लिहिले. वारा वाहता असो.