फुली मारलेल्या शिड्या

भिंगकाकांच्या नजरेतून सुटेल असा गुन्हेगार अजून जन्माला यायचा होता, असं खुद्द भिंगकाकांचं मत होतं. शिड्यांच्या कारखान्यात ते तपासनीस होते आणि फावल्या वेळात गुप्तहेर. हा फावला वेळ रोज सकाळी नऊला सुरू व्हायचा. त्यांची टिपणं टाइप करून करून टायपिस्टबाईंची बोटं आणि डोकं दोन्ही दुखायची.

त्या दिवशी मात्र खरंच प्रकरण आलं. काकांनी 'पास' शिक्का मारलेल्या शिड्यांवर कुणीतरी खडूनं फुल्या मारत होतं. मॅनेजर भडकले. "दोनला ट्रक निघणार. त्याआधी मला नाव हवं. आजच घरी बसवतो त्याला!"

काकांनी एका फुलीला भिंग लावलं. "गुन्हेगार उंच, डावखुरा आणि प्रेमभंग झालेला आहे."

"प्रेमभंग कशावरून?" बाईंनी विचारलं.

"किती दाबून मारलीय बघा!"

अकरापर्यंत संशय रंगाऱ्यावर होता. तो बुटका निघाला, शिवाय त्याचा संसार सुखाचा चालला होता. मग समोरच्या कारखान्याचा हेर म्हणून काकांनी ज्याला धरलं, तो नळ दुरुस्त करायला आला होता. तो रागावून गेला, नळ गळतच राहिला. बारा वाजता संशय खुद्द बाईंवर आला आणि तोही त्यांनाच टाइप करावा लागला.

बाई तणतणत उठल्या आणि थेट पॅकिंगच्या मावशींकडे गेल्या. काका मागोमाग.

"मावशी, या फुल्या कोण मारतं हो?"

"मी," दोरी आवळत मावशी म्हणाल्या. "बांधायच्या आधी चढून बघते. डुगडुगली की फुली. उद्या कुणी हातपाय मोडून घेतले म्हणजे?"

"पण हे तुमचं काम आहे का?" काका गरजले.

"नाही. तुमचं."

काकांनी भिंग खिशात टाकलं. नाव दिलं की मावशींची नोकरी गेलीच.

काका मॅनेजरांपुढे जाऊन उभे राहिले. "गुन्हेगार मी आहे, साहेब. न तपासता शिक्के मारले."

"जा हो! तुमचा आजवर एक तरी संशय खरा निघालाय का? नाव सांगा."

बाईंना राहवेना. फुलीवाली एक शिडी ओढत आणून त्यांनी ती मॅनेजरांच्या कपाटाला टेकवली. "पास झालेली आहे, साहेब. वरपर्यंत चढून दाखवा, मग नाव सांगते."

मॅनेजरांनी ऐटीत एक पाय ठेवला. शिडी करकरली. दुसरा पाय काही त्यांनी जमिनीवरून उचलला नाही.

"ट्रक थांबवा," शेवटी ते म्हणाले. "आणि जो कोण फुल्या मारतोय ना, त्याला सांगा, उरलेल्याही बघून घे म्हणावं."