होम वेगळं ठेवायचं का?

रविवारी सकाळी सुहास लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसला. मशीन इतकं मंदावलं होतं, की ते चालू होईपर्यंत चहा करून पिऊन व्हायचा. ऑफिसातल्या मित्राने सांगितलं होतं, "विंडोज काढून लिनक्स टाक, पळायला लागेल." सुहासने फायलींची प्रत बाजूला काढली, पेनड्राइव्ह लावला, आणि पडद्यावर प्रश्न आला : डिस्कचे भाग कसे पाडायचे?

"म्हणजे काय करायचं?" शेजारी शेंगा सोलत बसलेल्या त्याच्या बायकोने, मानसीने विचारलं. ती शाळेत शिकवायची. तिच्या प्रश्नपत्रिका, वर्गाचे फोटो, सगळं याच लॅपटॉपवर असायचं.

"एका भागात सिस्टिम बसते, त्याला रूट म्हणतात. दुसऱ्यात आपल्या फायली, ते होम. आणि मेमरी कमी पडली तर थोडी जागा, तो स्वॅप."

"मग होम वेगळंच ठेव. एकत्र असलं आणि उद्या काही बिघडलं, तर माझं सगळं जायचं."

"वेगळं करायचं तर आत्ताच करायला हवं. नंतर फार त्रास होतो."

"कर की! इतकी वर्षं एकत्र ठेवून काय मिळालं?"

स्वयंपाकघरात भाकरी थापणाऱ्या कस्तुराबाईंचा, म्हणजे सुहासच्या आईचा, हात थांबला. होम म्हणजे घर, एवढं इंग्रजी त्यांना येत होतं. गॅस बंद करून त्या मागच्या दाराने बाहेर गेल्या आणि शेजारच्या वडिवळ्यात राहणाऱ्या भावाला फोन लावला.

"अंबाजी, असशील तसा ये. पोरं वेगळी निघाली."

इकडे सुहासचा घोळ वाढतच होता. त्याने एका भागाला 'रूट' असं नाव दिलं, तरी मशीन म्हणे, रूट ठरवलेलंच नाही. "अरे, नाव रूटच दिलंय!" तो पडद्यावर खेकसला. पुढे फाइल सिस्टिम कोणती, असा प्रश्न आणि खाली पाच-सहा नावं.

"सगळ्यात वरची घे," मानसी म्हणाली.

"वरची म्हणजे नवी की जुनी?"

"मला काय माहीत!"

त्याने सगळं पुसलं, पुन्हा भाग पाडले, पुन्हा तोच निरोप आला. तिसऱ्यांदा पुसत असताना दारात मोटारसायकल थांबली.

"जय भीम," अंबाजीमामा चपला काढत रागातच म्हणाले. "सुहास, किती भाग पाडलं?"

मामांना लिनक्स कळतं, याचं सुहासला नवल वाटलं. "तीन, मामा. एक सिस्टिमला, एक आम्हा दोघांना आणि एक स्वॅपला."

"स्वॅपला भाग हाय, आन आईला न्हाई?"

"आईला कशाला? ती कुठं वापरते?"

"ऐकलंस का आक्का? तू वापरत न्हाईस म्हणं!"

मानसी गडबडून उठली. "मामा, आईंना हवा असेल तर देऊ ना वेगळा. पण त्यांना पासवर्ड लक्षात राहील का?"

"आता तिनं घरात यायला पासवर्ड सांगायचा व्हय?"

"घरात?" सुहासने विचारलं. आणि घोळ एकदम त्याच्या लक्षात आला. मग त्याने लॅपटॉप मामांकडे फिरवला आणि कुठलं होम, कुठली वाटणी, ते सांगितलं. मामा हसून हसून खुर्चीत बसले. सुहास मात्र ओशाळला होता. त्याने वरचा सोपा पर्याय निवडला, 'सगळं एकाच भागात', आणि बटण दाबून टाकलं. या वेळी मशीनने मुकाट्याने काम सुरू केलं.

"झालं आई, सगळं एकत्रच ठेवलं. आम्ही कुठं जात नाही."

कस्तुराबाई दाराला टेकून उभ्या होत्या. "न्हाई जात?"

"नाही."

"कंदीच?"

"कधीच नाही, आई!"

त्या हळूच स्टुलावर बसल्या.

"आक्का, रडतीस कशापायी?" मामा म्हणाले. "मी आलो ना वाटणी मोडायला."

"मोडायला कुनी बोलावलं हुतं तुला?" कस्तुराबाईंनी पदराने डोळे पुसले. "ह्यो गॅस माझ्या वाट्याला येतोय का, तेवढं बघाया बोलावलं हुतं. ह्यास्नी सोसत न्हाई, मनासारखं तिखट खाऊन लय वर्सं झाली रं."

पडद्यावरची पट्टी अर्ध्याच्या पुढे गेली होती. मानसी सुहासच्या कानाशी वाकली.

"हे अजून मधेच थांबवता येतं का रे?"