आधी कानाला इचारा

मेंढपाळ म्हाळूकाका कोणतीही नवी वस्तू वापरण्याआधी आपल्या एडक्याच्या कानाला विचारतात. नवी दोरी आणली की तिचा एक पदर तोडून एडक्याच्या कानाला बांधायचा आणि दोन दिवस थांबायचं. कान लाल झाला तर दोरी परत. मलम असो, साबण असो, सगळ्यांना हाच कायदा. मी त्यांना एकदा साबणाची वडी भेट दिली. त्यांनी ती एडक्याच्या कानामागं घासली आणि म्हणाले, "परवा ये. कळवतो."

मी पत्रकं लिहिणारी बाई. अन्याय दिसला की हातात कागद येतो. कधी कधी कागद आधी येतो आणि अन्याय मी मागून शोधते. याच पत्रकांपायी घरच्यांनी माझं नाव टाकलं. मग मी सिद्धेश्वर धरणाच्या काठच्या एका गावात खोली घेतली आणि पोरींना पोहायला शिकवायचा वर्ग काढला. धरणाकाठी जन्मून पोरीला पोहता येऊ नये, ही लाजेची गोष्ट आहे. तसं मी गावाला तोंडावर सांगितलं. कुरकुरत का होईना, तेरा घरांनी पोरी पाठवल्या.

उथळ पाण्यात दोर बांधला, पोरींच्या पाठीला रिकामे डबे बांधले. म्हाळूकाका मेंढरं पाण्यावर आणायचे आणि काठीवर हनुवटी टेकून बघत राहायचे. वर्ग सुटला, सगळ्या काठावर आल्या की मोठ्यानं म्हणायचे, "चौदा! बराबर हायेत. चला घरी."

"काका, पोरी तेरा आहेत."

"मला मोजाया शिकवू नको. जल्म गेला मेंढरं मोजण्यात."

नांदेडच्या एका भल्या माणसानं पोहण्याचे तेरा गॉगल पाठवले. मी छोटंसं भाषण ठोकून ते पोरींच्या डोळ्यांवर चढवले. काका काठावरून ओरडले, "आधी कानाला इचारा!" मी हसले. आज ते हसू आठवलं की माझीच मला चीड येते.

चौथ्या दिवशी तीन पोरींच्या डोळ्यांभोवती लाल, खाजरी वर्तुळं उठली. त्यातल्या गंगाचे डोळे तर सुजून फटीएवढे झाले. मी पेटले. त्याच दुपारी पत्रक काढलं: "धरणाचं पाणी नासलं! जबाबदार कोण?" शंभर प्रती घरोघर वाटल्या. माझ्या कुठल्याच पत्रकाचा इतका परिणाम आजवर झाला नव्हता. गावानं ते वाचलं, खरं मानलं आणि दुसऱ्या दिवशी एकही पोरगी पाण्यावर आली नाही.

गंगाची आई दारातूनच म्हणाली, "पाणी नासलं म्हणून तूच लिव्हलं ना ताई? मंग लेकराला काहून बोलावून राहिली?"

वर्ग बुडाला होता, आणि बुडवला होता मी.

काका म्हणाले, "माझी मेंढरं रोज त्येच पाणी पितेत, त्यातच धुतो त्यांला. एकाचा तरी डोळा सुजला का? चष्मा आण हिकडं."

एडक्याच्या तोंडावर गॉगल बसेना. म्हणून काकांनी तो स्वतः चढवला. दोन दिवस काढला नाही. तसेच कळमनुरीच्या बाजाराला गेले.

"काका, बाजारात पूर येऊन राहिला काय?" कुणीतरी डिवचलं.

"न्हाई बाबा, दुष्काळ पडलाय. अकलेचा."

तिसऱ्या दिवशी गॉगल काढला. काळं, रापलेलं कातडं जसंच्या तसं. काका इतके खट्टू झाले की बघवेना. "माझं कातडं निबर. खोटी साक्ष देऊन राहिलं. पोरी, तुझं कवळं हाये."

मग मी गॉगल लावला. दोन दिवस खोलीत कोरडी बसले, धरणाकडं फिरकलेही नाही. डोळ्यांभोवती अशी दोन वर्तुळं उठली की आरशात घुबड दिसावं. तशीच मारुतीच्या पारावर जाऊन उभी राहिले. "पाणी चांगलं आहे. पत्रक चुकीचं होतं. माझं होतं." एवढी तीन वाक्यं बोलायला मला आजवरच्या सगळ्या भाषणांहून जास्त बळ लागलं.

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. गॉगलच्या कडेचं रबर काहींच्या कातडीला सोसत नाही. तो वापरू नका, हे मलम लावा, बरं होईल. झालंही. गंगा आता उघड्या डोळ्यांनी सूर मारते. बाकीच्या पोरी नवी वस्तू आधी कानामागं बांधतात, आणि माझं प्रत्येक पत्रक छापण्याआधी काकांना वाचून दाखवलं जातं.

परवा संध्याकाळी वर्ग सुटल्यावर मी एकटीच पुन्हा पाण्यात उतरले. लांबवर गेले, उशिरा परतले. पोरी केव्हाच घरी गेल्या होत्या. मेंढरं गावाकडं तोंड करून ओरडत होती. काका काठीवर हनुवटी टेकून तिथंच उभे.

"काका, तुम्ही काहून थांबले?"

"तेराच भाईर आल्या व्हत्या," काका म्हणाले. मी काठावर पाय ठेवला तशी त्यांनी काठी उचलली. "चौदा. बराबर हायेत. चल घरी."